आईंच्या अंगठीतला स्फीन

हिरा, माणिक आणि पाचू या तिघांविषयी श्रीपाद वझ्यांच्या मनात जुना आकस होता. गावजेवणात पहिल्या पंगतीला हक्कानं बसणाऱ्या पुढाऱ्यांविषयी असतो, तसा. "ज्याला सगळं जग ओळखतं त्याला मी आणखी कशाला ओळखायचं?" असं ते म्हणायचे. त्यांचा जीव होता तो ज्यांची नावं सोनाराच्या बापानंही ऐकलेली नसतात अशा खड्यांवर. कॉर्नेरुपिन, स्कॅपोलाइट, डॅनब्युराइट, सिलिमनाइट. लखनौच्या महानगर मोहल्ल्यात त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या बैठकीत उथळ खणांचं एक कपाट होतं. खणात पारदर्शक डब्या, डबीत कापूस, कापसावर खडा. पाहुणा आला की चहाच्या आधी खण बाहेर यायचा. पाहुणा जुनाजाणता असेल तर तो चहाच्या आधीच उठायचा.

वझे मूळचे मिरजेचे. केंद्र सरकारच्या नोकरीत भूवैज्ञानिक म्हणून लखनौला आले, दगड फोडण्यात सगळी नोकरी घालवली आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिले. मिरजेत आता ओळखीचं कोण उरलंय, हे कारण ते सांगायचे. खरं कारण असं की एवढं कपाट हलवायचं कुणी? त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई अकोल्याच्या. मुलींच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. इतक्या वर्षांत घरातली मराठी थोडं अवधचं पाणी प्यायली होती. "सब्जीवाल्याकडून धनिया आणलात का" हे वाक्य दोघांनाही आता शुद्ध वाटायचं. मुलगी अनन्या गुरुग्रामला नोकरीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

वझ्यांचे दोन गुण सगळ्या ओळखीपाळखीत प्रसिद्ध होते. पहिला हा की खड्याबद्दल ते खोटं बोलत नसत. शेजारच्या सक्सेनांच्या मुलीच्या लग्नात, नवरीच्या आईनं हौसेनं दाखवलेलं माणिक भिंगाखाली धरून, "बहनजी, यह कारखाने का है," असं त्यांनी मांडवात सांगितलं होतं. त्या बाई पुढं कितीतरी दिवस घरासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत. "मी काय चुकीचं बोललो?" असं वझे विचारत राहिले, आणि चुकीचं ते बोललेच नव्हते.

दुसरा गुण अदलाबदलीचा. असे खडे जमवणारी माणसं देशात थोडी, आणि ती एकमेकांना धरून असतात. तुझ्याकडे दोन असतील तर एक मला, माझ्याकडचं हे तुला, असा त्यांचा व्यवहार. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वझ्यांनी पद्मिनीबाईंना आयोलाइटची कानातली दिली होती. समोरून निळी दिसायची, मान वळवली की फिकी पिवळी. काही वर्षांनी एक दिवस ती कानातली जागेवर नव्हती. "अगं, एकाला दिली. बदल्यात काय मिळालं ते तरी बघ," म्हणून वझ्यांनी कापसावरचा एक रंगहीन खडा पुढं केला. पद्मिनीबाई चार दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी त्याचा विनोद करून टाकला. महाराष्ट्र समाजात कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मी अजून घरात आहे ती मला कुणी बदल्यात मागितलं नाही म्हणून." सगळे हसायचे. वझेही हसायचे, आणि त्या विनोदाच्या तळाशी काय आहे ते बघण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी अकोल्याच्या आई गेल्या. पद्मिनीबाईंचे भाऊ शशिकांत यांनी तेरावा झाल्यावर बहिणीला विचारलं, "ताई, तुला काय हवं ते सांग." पद्मिनीबाई म्हणाल्या, "ती पिवळी अंगठी." शशिकांत म्हणाले, "त्यात काय आहे? दुसरं काहीतरी घे." पण त्यांनी तेवढंच घेतलं आणि त्याच दिवशी बोटात घातलं.

अंगठीत तसं खरंच काही नव्हतं. सोन्याचं झिजून तारेइतकं झालेलं वळं आणि त्यात चार नखांनी धरलेला हिरवट पिवळा, धुरकट खडा. आईंचा गुरू कमजोर होता म्हणून त्यांच्या यजमानांनी खांडव्याच्या फलाटावर एका फिरत्या विक्रेत्याकडून तो पुष्कराज म्हणून घेतला होता. आईंनी तो तर्जनीत घातला तो जन्मभर. कणीक मळताना, राखेनं भांडी घासताना, सरकी निवडताना, कधीही काढला नाही. वझ्यांनी तो खडा सासूबाईंच्या बोटात वर्षानुवर्षं पाहिला आणि एकदाही भिंगाखाली धरला नाही. पुष्कराज म्हणजे पुन्हा पहिल्या पंगतीतलाच; त्याच्याकडे कोण बघतो?

श्रावणात एक दिवस अंगठीचं एक नख उचकटलं. खडा हलायला लागला. पद्मिनीबाईंनी साबण लावून अंगठी काढली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"चौकात जाल तेव्हा दीनानाथजींकडून एवढं नख घट्ट करून आणा. बाकी काही करू नका."

"बाकी मी काय करणार?"

"तेच सांगतेय. काही करू नका."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर वझे खिडकीशी बसले. अंगठी रुमालात गुंडाळायला घेतली तर खडा सुटून हातातच आला. हातात आलेला खडा भिंगाखाली न धरणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी धरला. वरचा भाग इतका ओरखडलेला होता की आधी काहीच दिसेना. मग एका बाजूनं, जिथं घासणं कमी झालं होतं, तिथून आत पाहिलं. खड्याच्या तळाच्या कडा दुहेरी दिसत होत्या. एकेका रेघेच्या शेजारी तिचीच दुसरी रेघ, स्वच्छ, वेगळी. पुष्कराजात असं दिसत नाही. इतक्या ठळकपणे तर फारच थोड्या खड्यांत दिसतं.

त्यांनी कपाटातून वर्णपटमापक काढला, खड्यातून दिवा पाहिला, रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा जिथं असायला हव्या तिथं होत्या. स्फीन. पुस्तकी नाव टायटॅनाइट. काचेइतका मऊ, म्हणून सोनार त्याच्या वाटेला जात नाहीत. पण नीट पैलू पाडले तर प्रकाश असा फोडतो की त्यापुढं हिराही फिका वाटावा. इतक्या वर्षांत वझ्यांच्या कपाटात स्फीनचा एक तांदळाएवढा तुकडा आला होता, तोही तडकलेला. आणि हा मोठा, जाडजूड खडा अकोल्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते खिडकीशी बसल्या बसल्या एकटेच मोठ्यानं हसले.

त्यांनी सूक्ष्मदर्शकातून खड्याचा फोटो काढला. फोटोत सगळं आलं. वरच्या पृष्ठभागावरचे शेकडो ओरखडे, गोल होऊन गेलेल्या कडा, एका कोपऱ्याचा उडालेला टवका आणि आत दुसऱ्या खनिजाचा एक तपकिरी दोरा. वझ्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांना त्यात फक्त नुकसान दिसलं. एवढ्या मोलाच्या खड्याची काय ही दशा केली, असं त्यांच्या मनात आलं. सासूबाईंविषयी थोडा रागही आला, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

मग त्यांना ती कल्पना सुचली. दिवाळीच्या पाडव्याला पद्मिनी ओवाळेल तेव्हा तबकात ओवाळणी म्हणून हाच खडा टाकायचा. पण असा नाही, झळझळता. तुझ्या आईच्या बोटात काय होतं ते बघ, म्हणून सांगायचं. शशिकांत म्हणाला होता ना, त्यात काय आहे? हे आहे. कल्पना प्रेमातूनच आली होती. पुढं त्यांनी स्वतःची बाजू मांडताना हे पुन्हापुन्हा सांगितलं, आणि ते खरं होतं, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

चौकातल्या सराफ्यात दीनानाथ रस्तोगींचं दुकान होतं. वझ्यांची आणि त्यांची मैत्री जुनी. त्यांनी खडा पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात फिरवला.

"वझे साहब, यह तो बरसों से सोया हुआ है। जगा दें?"

"जगा दीजिए," वझे म्हणाले.

खडा जयपूरच्या कारागिराकडे जायचा होता. वझ्यांनी त्याच्यासाठी सूचना स्वतः सांगितल्या. खडा कुठल्या अंगानं धरायचा, वरचे पैलू कसे, खालचे कसे. तुटलेला कोपरा जाईपर्यंत घासा. आतला दोरा निघत असेल तर काढा, वजन गेलं तरी चालेल. दीनानाथजींनी एकदा विचारलं, "भाभीजी से पूछ लिया है न?" वझे म्हणाले, "उन्हीं के लिए तो है।" या उत्तरावर दीनानाथजींचं समाधान झालं. वझ्यांचंही झालं, हेच वाईट झालं.

घरी त्यांनी सांगितलं की कारागीर गावी गेला आहे. पद्मिनीबाईंच्या तर्जनीवर अंगठीच्या जागी फिका पट्टा होता आणि बोलताना त्यांचा अंगठा सारखा तिथं जायचा. "आला का हो तो कारागीर?" त्या विचारायच्या. "एक नख तर दाबायचं आहे. दुसऱ्याकडून करून घ्या." वझे म्हणायचे, "चांगल्या कामाला वेळ लागतो." गणपती झाले, नवरात्र झालं. त्या विचारायच्या आणि वझ्यांना आतून गुदगुल्या व्हायच्या. लहान मुलाला खाऊ लपवून ठेवल्यावर होतात तशा. नंतर, सगळं झाल्यावर, त्यांना आपला तो आनंदच सगळ्यात जास्त बोचला. ती रिकामं बोट चोळत होती आणि आपण मनातल्या मनात हसत होतो, असं त्यांना आठवायचं आणि ते खोलीतून उठून बाहेर जायचे.

पाडव्याला पद्मिनीबाईंनी पाट मांडला, अमीनाबादेतून आणलेली नवी रांगोळी घातली, ओवाळलं. वझ्यांनी तबकात डबी ठेवली. पद्मिनीबाईंनी ती उघडली, आणि आधी त्यांचा चेहरा खुलला, कारण वळं ओळखीचं होतं. मग त्यांची नजर वर खड्यावर गेली. निरांजनाच्या उजेडानं खड्यात लाल, हिरवे, नारिंगी कण उसळत होते. वझ्यांनी आयुष्यात पाहिलेला तो सगळ्यात सुंदर स्फीन होता. आधीपेक्षा बराच लहान झाला होता, म्हणून त्याला धरायला नवी नखं करावी लागली होती.

"हा कुठला?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"आईंचा."

"आईचा कुठला हा?"

वझे याच क्षणासाठी तयारी करून बसले होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुष्कराज नव्हताच तो, स्फीन होता, स्फीन म्हणजे काय, प्रकाश कसा फोडतो. पद्मिनीबाई ऐकत नव्हत्या. त्यांनी अंगठी तर्जनीत घातली, खडा तळहाताकडे फिरवला, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती तर्जनी मुठीत धरली आणि डोळे मिटले. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरतं, तसं त्यांनी स्वतःचंच बोट धरलं होतं.

"टोचत नाही," त्या म्हणाल्या.

मग उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. आई पाचवीला लागलेल्या मुलीचा हात धरून तिला कापूसबाजारातून शाळेत न्यायची. आई हडकुळी, अंगठी ढिली, खडा नेहमी आतल्या बाजूला फिरलेला. खलबत्त्यात दाणे कुटताना त्याचा कोपरा उडाला होता, आणि तो कोपरा मुलीच्या बोटाला टोचायचा. बैलगाड्या आल्या की आई हात घट्ट धरायची आणि तो जास्त टोचायचा. मुलगी म्हणायची, आई, टोचतंय. आई म्हणायची, टोचू दे, म्हणजे मी आहे हे कळतं. शेवटच्या आजारपणात आईला बोलता येत नव्हतं, तेव्हाही तिनं मुलीचा हात धरला होता आणि ते टोचलं होतं.

वझे पाटावर बसून ऐकत होते. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, कारण कधी विचारलं नव्हतं. खड्याचा कोपरा कसा तुटला, हा प्रश्न खरं तर भूवैज्ञानिकाला पहिल्यांदा पडायला हवा.

"कुणाला दिलात तो?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"अगं, तोच आहे हा. घासून घेतलाय फक्त."

"कुणाला दिलात ते सांगा. मी चिडणार नाही. मागून आणता येईल."

"पद्मिनी, मी बदलला नाही. शपथ घेऊन सांगतो."

"कानातल्यांच्या वेळी शपथ मागितली नव्हती, नाही तर तीही घेतली असतीत," त्या म्हणाल्या आणि तबक उचलून आत गेल्या.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. पण वझ्यांचं त्या दिवशी मारुतीकडे लक्ष नव्हतं. त्यांना झोंबला तो आरोप. चोर ठरलो, तोही खड्याच्या बाबतीत, तोही घरात! सगळ्या लखनौत ज्याचा शब्द खड्याबद्दल प्रमाण, त्याच्यावर बायकोचा विश्वास नाही! हा डाग पुसायचाच, असं त्यांनी ठरवलं, आणि दिवाळीनंतरचे दिवस त्यात घातले.

पहिला पुरावा त्यांनी उपकरणांचा दिला. पद्मिनीबाईंना वर्णपटमापकातून त्या काळ्या रेघा दाखवल्या. पद्मिनीबाई विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांना रेघा समजल्या. "स्फीन आहे, मान्य," त्या म्हणाल्या. "पण आईचा कशावरून?" हा स्फीन म्हणजे तोच स्फीन, हे सांगायला त्याची एखादी खूण लागते. वजन बदललं होतं. आकार बदलला होता. आतला दोरा कारागिरानं काढला होता, आणि तो काढायला त्यांनीच सांगितलं होतं. ज्या ज्या गोष्टीनं तो खडा ओळखता आला असता ती ती गोष्ट त्यांनी निवडून निवडून घासायला लावली होती.

मग त्यांना फोटो आठवला. तो त्यांनी कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. पद्मिनीबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत बसल्या. टवक्यावर त्यांनी पडद्यावरूनच बोट फिरवलं.

"हा आईचा," त्या म्हणाल्या. मग बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. "आणि हा दुसरा."

फोटो त्यांनी आपल्या मोबाइलवर मागून घेतला.

अनन्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हा वझ्यांनी तिला मध्ये घेतलं. ती म्हणाली, "आई, बाबा झूठ नहीं बोलते यार। उन्हें झूठ बोलना आता ही नहीं। तुम भी न।" पद्मिनीबाई म्हणाल्या, "हो गं." एवढंच. शेवटी वझ्यांनी साक्षीदारच घरी आणला. दीनानाथजी चौकातून मलई मक्खनचे द्रोण घेऊन आले, बसले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "भाभीजी, मेरे सामने की बात है। वही नग गया था, वही लौटा है।" पद्मिनीबाईंनी त्यांना चहा दिला, मठरी दिली, मुलांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आप कह रहे हैं, भाईसाहब, तो वही होगा।" दीनानाथजी मोकळ्या मनानं गेले. पद्मिनीबाईंनी कप उचलले आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "मुंबईला दिलात का हो? तिकडे तुमचे बरेच जण आहेत."

वझ्यांना त्या दिवशी रडू आलं. बायकोपुढं नाही, कपाटापुढं. खण उघडून ते उभे होते आणि एकेक खडा चकचकीत होता. एकावरही कुणाच्या हाताची खूण नव्हती. याचा त्यांना आजवर अभिमान वाटत आला होता.

जानेवारीत ऊन पडायला लागलं तसं महानगरातलं सगळं आयुष्य गच्चीवर गेलं. पद्मिनीबाई चटईवर मटार सोलत बसल्या होत्या. बोटात अंगठी नव्हती. पाडव्यानंतर ती डबीतच होती. वझे वर आले ते नवी युक्ती घेऊन. जयपूरच्या कारागिराशीच मोबाइलवर बोलणं करून द्यायचं, त्याला खडा आठवत असणार. त्यांनी तसं सांगितलं. पद्मिनीबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"अहो, पुरे करा आता. बसा इथं."

वझे बसले.

"तुम्ही बदलला नाहीत हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पाडव्याच्या संध्याकाळीच कळलं होतं. तुम्हाला खोटं बोलताना घाम फुटतो. कानातली दिलीत तेव्हा अर्ध्या मिनिटात कबूल झाला होतात."

"मग हे सगळं? दोन महिने मी..."

"बदललाय असं म्हटलं की तो कुठंतरी असतो. कुणाच्या तरी डबीत, कापसावर. तसाच, तुटका, ओरखडलेला. कधीतरी तुमच्यासारखाच कुणी वेडा तो घेऊन दारात येईल असं वाटतं. तुम्ही रोज येऊन मला पटवता की नाही, हाच तो. तुमचं मला एकदा पटलं ना, की मग तो कुठंच नाही. जयपूरच्या कुठल्यातरी मोरीतून वाहून गेला. आईचं तेवढंच होतं माझ्याकडे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी शेंग उचलली आणि दाणे ताटात पाडले. वझ्यांना काही बोलायचं होतं, पण तोंडात आलेला प्रत्येक शब्द पुन्हा स्वतःची बाजूच मांडत होता. त्यांनी इतके दिवस सिद्ध केलेली गोष्ट शंभर टक्के खरी होती. आणि ती खरी असल्यामुळेच त्यांनी बायकोच्या आईला दुसऱ्यांदा नाहीसं केलं होतं. आपण तो खडा खरंच कुणाला देऊन टाकला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं. चोर असतो तर चोरी परत करता आली असती.

ते मटार सोलायला लागले. त्यांना ते नीट यायचं नाही. अर्धे दाणे चटईवर उडायचे. पद्मिनीबाई ते वेचून ताटात टाकत राहिल्या.

त्यानंतर वझ्यांनी खड्याचा विषय काढला नाही. पद्मिनीबाईंनीही काढला नाही. संक्रांत झाली. एक दिवस वझे खालून चहा घेऊन गच्चीवर आले तेव्हा पद्मिनीबाई मोबाइलवरचा तो फोटो बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अगदी साध्या आवाजात, धनिया आणलात का असं विचारावं तसं विचारलं.

"कुणाला दिलात हो तो?"

वझ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. सक्सेनांच्या मांडवात ज्यांना एक गोड शब्द जमला नव्हता, त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

"भावनगरला एक बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना दिला."

पद्मिनीबाईंनी आता मान वर केली. नवऱ्याच्या कपाळाकडे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"त्यांनी घासून नाही ना घेतला?"

"नाही. हात लावला नाही त्याला."

"डबीत ठेवला असेल कपाटात. तुमच्यासारखा."

"नाही गं," वझे म्हणाले. "बोटात घालतात त्या. कणीक मळतानासुद्धा काढत नाहीत."

"बरं," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचा कप उचलला.